रक्तातलं अँटिऑक्सिडंट वाढवलं की शुगर उतरते का?

पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी निपाणीजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. वय ४१, वजन ५४ किलो, म्हणजे मी काही जाड नाही. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत तपासणी शिबिर झालं. माझी उपाशीपोटी शुगर १०४, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ५.९, उपाशीपोटी इन्सुलिन १९, हिमोग्लोबिन ९.८ आणि 'टोटल अँटिऑक्सिडंट'च्या रकान्यात 'कमी' आलंय. मिस्टर ४७ वर्षांचे आहेत, तंबाखूच्या वखारीत काम करतात, दिवसाला विडीचं एक बंडल लागतं. त्यांची शुगर ११८, एचबीएवनसी ६.२, युरिक ॲसिड ८.२, पण अँटिऑक्सिडंट मात्र 'उत्तम'. तेव्हापासून मला चिडवतात. डॉक्टरांनी मला मेटफॉर्मिन ५०० ची गोळी दिलीय, मिस्टरांना पोट कमी करा आणि विडी सोडा म्हणालेत. आमच्या थोरल्या वन्सं एका कंपनीची अँटिऑक्सिडंट पावडर विकतात. त्या म्हणतात, रक्तात अँटिऑक्सिडंट कमी पडलं म्हणून इन्सुलिन चालेना, ते भरून काढलं की शुगर आपोआप उतरते, इंग्रजी गोळी कशाला? डबा २,४०० रुपयांचा, महिन्याला दोन लागतात. दोघंही घेतोय. डब्याचा फोटो पाठवते. माझ्या वडिलांना शुगरमुळे पाय गमवावा लागला होता, म्हणून भीती वाटते. धाकटी १४ वर्षांची आहे, तिची मान काळी पडलीय, लिंबू घासूनही जाईना. पावडर चालू ठेवू का? गोळी बंद केली तर चालेल का? आणि वन्संना नाही कसं म्हणू?

उत्तर

ताई, दोन गोष्टी आधी सांगते. मिस्टरांची पावडर आजच बंद करा. आणि तुमची मेटफॉर्मिन स्वतःच्या मनानं बंद करू नका. का, ते पुढे सविस्तर लिहिते, पण उत्तर अर्धवट वाचून तुम्ही कामाला लागलात तरी या दोन गोष्टी राहू नयेत.

तुमच्या वन्सं जे सांगतात ते सगळं खोटं नाही. त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते पटतं आणि म्हणूनच पैसे जातात. इन्सुलिन रेझिस्टन्स असलेल्या, म्हणजे ज्यांचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही अशा माणसांच्या रक्तात कॅरोटीनसारखी रंगद्रव्यं आणि व्हिटॅमिन सी कमी आढळतात, ही गोष्ट अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसलीय. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जेराल्ड रीव्हन नावाचे डॉक्टर होते. वाढलेलं बीपी, रक्तातली चरबी आणि शुगर यांच्या मुळाशी इन्सुलिन रेझिस्टन्स असतो, हे त्यांनी १९८८ साली जगापुढे ठासून मांडलं. त्यांच्याच गटानं २००० साली मधुमेह नसलेल्या लोकांची तपासणी केली, तेव्हा ज्यांचं शरीर इन्सुलिनला दाद देत नव्हतं त्यांच्या रक्तात कॅरोटीनं कमी आणि खराब झालेल्या चरबीच्या खुणा जास्त निघाल्या. पुढे २०२० मध्ये युरोपातल्या आठ देशांतला एक मोठा अभ्यास आला. त्यात भाजी-फळांचा रोजचा वाटा ६६ ग्रॅमनं जास्त असलेल्यांत मधुमेहाचं प्रमाण साधारण २५ टक्क्यांनी कमी होतं. त्या अभ्यासात लोकांच्या सांगण्यावर भरवसा न ठेवता रक्तातलं व्हिटॅमिन सी आणि कॅरोटीन मोजून भाजी-फळं किती खाल्ली जातात ते ठरवलं होतं.

म्हणजे संबंध आहे. प्रश्न एवढाच की कोणामुळे कोण.

पेशीत गरजेपेक्षा जास्त साखर आणि चरबी येत राहिली की ती जाळणाऱ्या यंत्रणेवर, म्हणजे मायटोकाँड्रियावर, ताण येतो. त्यातून ऑक्सिजनचे तापट कण बाहेर पडतात. हे कण पेशीच्या आत इन्सुलिनचा निरोप जिथून पुढे जातो तिथेच अडथळा आणतात. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं, शुगर काही वर्षं काबूत राहते, आणि रिपोर्टात उपाशीपोटी इन्सुलिन तुमच्यासारखं १९ दिसतं. या तापट कणांना गप्प करण्यात अँटिऑक्सिडंट खर्च होतात. शिवाय कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ई चरबीत विरघळतात, त्यामुळे पोटावर चरबी साठली की त्यातला बराच भाग तिकडे मुरतो आणि रक्तात कमी दिसतो. विडीच्या धुरात व्हिटॅमिन सी झपाट्यानं संपतं, घरात धूर असेल तर शेजारी बसणाऱ्याचंही. आणि ज्यांच्या ताटात भाजी कमी त्यांच्या रक्तात ते मुळातच कमी उतरतं. एकूण काय, 'कमी' हा शिक्का बहुतेक वेळा बिघाडाचा परिणाम असतो किंवा ताटातल्या उणिवेची खूण असते. मुळाशी पाणी साचून उसाचं पान पिवळं पडलं असेल तर पानावर कितीही फवारा मारला तरी काय उपयोग? तसं हे आहे.

आता मिस्टरांच्या 'उत्तम'कडे या. तुमच्या पत्रातली ही सगळ्यात बोलकी गोष्ट आहे. 'टोटल अँटिऑक्सिडंट' ही तपासणी रक्तात कुठला पदार्थ किती आहे हे वेगवेगळं सांगत नाही, सगळ्यांची मिळून ताकद मोजते. आणि त्या ताकदीत जवळपास निम्मा वाटा एकट्या युरिक ॲसिडचा असतो. इन्सुलिन वाढलं की मूत्रपिंड युरिक ॲसिड नीट बाहेर टाकत नाही, ते रक्तात साठतं. मिस्टरांचं ८.२ आहे, पुरुषांत ७ च्या पुढे ते जास्तच समजतात. म्हणजे त्यांचा 'उत्तम' हा शेरा बहुधा त्यांच्या बिघाडातूनच आलाय. दोघांत जास्त काळजी त्यांचीच आहे. शुगर जास्त, एचबीएवनसी जास्त, युरिक ॲसिड जास्त आणि वर विडी. त्यांना हे वाचून दाखवा. चिडवणं बंद होईल आणि कदाचित मनावरही घेतील.

म्हणून ही तपासणी पुन्हा करू नका. वन्सं तीन महिन्यांनी 'परत चेक करू, फरक दिसेल' म्हणाल्या तरी करू नका. तिच्या आकड्यावरून कुठल्याही डॉक्टरला तुमच्या उपचारात काही ठरवता येत नाही. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेतल्या की रक्तातलं सी वाढणारच, त्यावरून इन्सुलिन सुधारलं असं होत नाही.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून वाचला. पुढच्या बाजूला डाळिंबं, आवळे आणि हिरवी पानं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात एका दिवसाच्या मापात व्हिटॅमिन सी ५०० मिलिग्रॅम, व्हिटॅमिन ई ४०० युनिट, बीटा कॅरोटीन १५ मिलिग्रॅम. घटकांच्या यादीत पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन. यादीत जे सर्वांत जास्त असतं त्याचं नाव पहिलं छापावं लागतं. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे पिठूळ पदार्थापासून केलेली पूड. ती पोटात जाताच साखर होते आणि रक्तातली शुगर चटकन चढवते. शुगर उतरवायच्या डब्यात सर्वांत जास्त वजन याचं आहे. तळाशी कंपनीनं स्वतःच छापलंय की हे औषधी वापरासाठी नाही. असं छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्या देशात १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, म्हणून डब्यावर शुगरचा शब्दही सापडणार नाही. जे छापता येत नाही ते बैठकीत बोललं जातं, आणि ते बोलायला तुमच्या वन्संसारख्या घरच्या माणसांना पुढे केलं जातं.

पावडरीतल्या या तिन्ही गोष्टी मोठमोठ्या चाचण्यांत तपासून झाल्यात, हे बैठकीत कोणी सांगत नाही. अमेरिकेत २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर १२ वर्षं चाचणी झाली. निम्म्यांना दिवसाआड ५० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिलं, मधुमेह दोन्ही गटांत सारखाच झाला. मधुमेह नसलेल्या साडेसहा हजार बायकांवर व्हिटॅमिन सी, ई आणि बीटा कॅरोटीन तिन्ही तपासले, नऊ वर्षं. निकाल २००९ मध्ये आला, मधुमेह टळला नाही. ज्यांच्या रक्तात ही द्रव्यं जेवणातून आलेली असतात त्यांना फायदा दिसतो, आणि डब्यातून भरली की दिसत नाही. कारण पालेभाजीबरोबर तंतू येतात, मॅग्नेशियम येतं, पोट भरतं आणि तेवढा भात कमी जातो. ते काम एकट्या कॅरोटीनचं नव्हतंच.

मिस्टरांसाठी तर पावडर नुसती निरुपयोगी नाही, धोक्याची आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर एक चाचणी झाली. कॅन्सर टळेल या आशेनं त्यांतल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिलं. १९९४ साली निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत अशीच दुसरी चाचणी चालू होती, तिथे वाढ २८ टक्के दिसली आणि १९९६ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली. तुमच्या डब्यातलं १५ मिलिग्रॅम यापासून फार लांब नाही. विडी ओढणाऱ्या माणसानं बीटा कॅरोटीनचा डबा घेऊ नये, यावर आता दुमत नाही. गाजर, माठ, पालक खायला मात्र काहीच हरकत नाही, तो धोका भाजीत दिसलेला नाही. व्हिटॅमिन ई ४०० युनिट रोज घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर थोडा वाढला, हेही २०११ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसलंय.

आणखी एक अभ्यास सांगते, कारण तो तुमच्या चालण्याशी थेट जोडलेला आहे. जर्मनीत तरुण मुलांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना रोज व्हिटॅमिन सी १,००० मिलिग्रॅम आणि ई ४०० युनिट दिलं. २००९ मध्ये निकाल आला. ज्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत त्यांचं शरीर इन्सुलिनला जास्त दाद देऊ लागलं, ज्यांनी घेतल्या त्यांच्यात ती सुधारणा दिसलीच नाही. स्नायू काम करतात तेव्हा तापट कण थोडे तयार होतात आणि तेच शरीराला सांगतात की स्वतःची संरक्षणाची यंत्रणा वाढव. डब्यानं ते सांगणंच बंद पाडलं. चाळीसेक मुलांचा हा छोटा अभ्यास आहे, तो शेवटचा शब्द नव्हे. पण घाम गाळून मिळवलेलं महिन्याला ४,८०० रुपये देऊन घालवण्याची शक्यता तरी का ठेवायची?

आता तुमचे आकडे. उपाशीपोटी शुगर १०० ते १२५ आणि एचबीएवनसी ५.७ ते ६.४ याला प्रीडायबेटिस म्हणतात. तुम्ही दोघंही त्यात आहात, मधुमेहात अजून कोणी नाही. उपाशीपोटीची शुगर आणि इन्सुलिन यांचा गुणाकार करून ४०५ नं भागलं की होमा नावाचा आकडा निघतो. तुमचा ४.९ येतो. त्याची नक्की रेघ प्रयोगशाळेगणिक बदलते, पण २ ते २.५ च्या पुढे आपण सावध होतो. तेव्हा इन्सुलिन रेझिस्टन्स आहे, यात शंका नको.

एका गोष्टीकडे मात्र शिबिरात कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही, ती म्हणजे तुमचं हिमोग्लोबिन ९.८. हा ॲनिमिया आहे. लोह कमी पडून ॲनिमिया झाला असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा थोडं जास्त दिसू शकतं. त्यामुळे तुमच्या ५.९ वर एकट्यावर विसंबू नका. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा, पाळीत रक्तस्राव जास्त होतो का ते डॉक्टरांना सांगा आणि त्यांच्या सल्ल्यानं लोहाच्या गोळ्या सुरू करा. शाळेतून आल्यावर जो थकवा येतो तो तुम्ही शुगरच्या नावावर घालत असाल, पण त्यातला निम्मा याचाच असेल. व्हिटॅमिन सीचा खरा उपयोग तुम्हाला इथे होईल. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला ते मदत करतं. माठाच्या भाजीवर जेवताना अर्धं लिंबू पिळा, आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा घेऊ नका, चहा लोह अडवतो.

'मी जाड नाही' हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकते की त्यावर थोडं थांबते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे हात-पाय बारीक आणि चरबी पोटात, आतड्यांभोवती. वजनकाट्याला ती कळत नाही. शिवणाची टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. बायकांत ८० सेंटिमीटर, पुरुषांत ९० च्या पुढे गेलं की पोटाची चरबी जास्त. तुमचं, मिस्टरांचं आणि लेकीचं मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या तीन महिन्यांत हा आकडा अँटिऑक्सिडंटच्या रिपोर्टापेक्षा कितीतरी जास्त सांगेल.

मेटफॉर्मिनबद्दल भीती नको. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या गटानं प्रीडायबेटिस असलेल्या ५३१ भारतीयांना तीन वर्षं पाहिलं, अभ्यास २००६ मध्ये आला. ज्यांना काहीच दिलं नाही त्यांतल्या ५५ टक्के लोकांना तेवढ्यात मधुमेह झाला. खाण्यात आणि हालचालीत बदल केलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं, मेटफॉर्मिनच्या लहान डोसनंही जवळपास तेवढंच. म्हणजे चालण्यानं आणि खाण्यानं गोळीइतकं काम झालं. गोळी तुमच्या डॉक्टरांनी विचार करूनच दिली असणार, घरात वडिलांचा इतिहास आहे. ती जेवणानंतर घ्या म्हणजे मळमळ होणार नाही, आणि वर्ष-दोन वर्षं चालली तर बी१२ तपासून घ्या. पुढे आकडे उतरले तर ती कमी करायची की बंद, हे त्यांनाच ठरवू द्या.

खाण्याचं सांगताना परक्या फळांची नावं घ्यायची मला गरज वाटत नाही. आपल्या बाजारात जे मिळतं तेच पुष्कळ आहे. माठ, अंबाडी, शेपू, मेथी, चाकवत, शेवग्याचा पाला. भाजी धुऊन मग चिरा, चिरून धुतली की व्हिटॅमिन सी पाण्याबरोबर जातं. फोडणीला शेंगदाण्याचं तेल चमचाभर असू द्या, कारण कॅरोटीन तेलाशिवाय अंगी लागत नाही. बिनतेलाची भाजी उकडून खाणाऱ्या बायका उगाच हाल करून घेतात. जोंधळ्याची भाकरी, शेंगाचटणी, हुलग्याची किंवा मटकीची उसळ आणि वाटीभर नव्हे, ताटाच्या अर्ध्यापर्यंत भाजी. आपल्याकडे भाजी ही भाकरीला लावून खायची गोष्ट झालीय, ती उलटी करा. दिवसाकाठी भाजी आणि फळं मिळून किमान ४०० ग्रॅम पोटात जावीत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. एकदा काट्यावर मोजून बघा, आपण किती कमी खातो ते कळेल. संकेश्वरी नि ब्याडगी मिरचीचा लाल रंगही कॅरोटीनचाच, पण चिमूटभर तिखटानं ४०० ग्रॅम भरत नाहीत. बेळगावची रताळी बहुतेक आतून पांढरी असतात, त्यांत कॅरोटीन फारसं नाही. खायची तर त्या वेळी भाकरी कमी करा.

१०० ग्रॅम पेरूत साधारण २०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी असतं. तुमच्या वयाच्या बाईची दिवसाची गरज ६५ आहे. एक मध्यम पेरू खाल्लात की झालं, आणि पेरू रस काढून नव्हे, चावून. आवळा, जांभळं हंगामात खा. रात्रीचा भात एक वाटी ठेवा आणि त्यावर घट्ट आमटी. चहातला गूळ साखरेसारखाच शुगर वाढवतो, गुऱ्हाळाच्या पट्ट्यात राहून हे ऐकायला कडू वाटेल, पण तसंच आहे. कुंदा नि करदंट सणाला एक घास, फ्रिजमध्ये साठवून नको.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, खास करून रात्री. स्नायू हलतात तेव्हा ते इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत ओढून घेतात, इन्सुलिन अडलेल्या माणसाला याहून थेट उपाय नाही. लेकीला बरोबर घ्या. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठाबशा, भिंतीला टेकून हाताचे जोर. मांड्यांचे स्नायू वाढले की साखर ठेवायला जागा वाढते.

लेकीच्या मानेला लिंबू घासणं आजपासून बंद करा. तो मळ नाही. मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखी काळसर झालेली कातडी ही बहुतेक वेळा इन्सुलिन वाढल्याची खूण असते, आणि घासून कातडी सोलवटून ती आणखी काळी होते. तिची पाळी वेळेवर येते का, वजन झपाट्यानं वाढलं का, हे बघून तिलाही डॉक्टरांकडे न्या. शाळेत मुली मानेवरून बोलत असतील, तिला विचारा. 'तुझी चूक नाही, शरीरात इन्सुलिन जास्त झालंय, ते कमी होऊ शकतं' एवढं तिला आईनं सांगणं महत्त्वाचं आहे. इन्सुलिन उतरलं की मान हळूहळू उजळते.

मिस्टरांच्या विडीबद्दल लिहिणं मला जड जातं, कारण ज्या घराची चूल तंबाखूवर पेटते तिथं 'सोडा' म्हणणं सोपं नाही. दिवसभर वास नाकात, सोबतचे सगळे ओढणारे. पण निकोटिन स्वतःच इन्सुलिन रेझिस्टन्स वाढवतं, आणि साखर, युरिक ॲसिड, विडी हे तिन्ही एकत्र आले की हृदयाला सर्वांत आधी धोका. तंबाखूच्या पाकिटांवर १८००-११-२३५६ हा मोफत नंबर छापलेला असतो, तिथे सोडायला मदत करणारी माणसं बोलतात. सोडल्यावर पहिल्या काही महिन्यांत वजन दोन-तीन किलो वाढू शकतं, शुगरही जराशी सरकू शकते. त्याला घाबरून परत विडी धरू नये. त्या वेळी तोंडात टाकायला भाजलेले शेंगदाणे मूठभर खिशात असू द्या.

वन्संचं काय करायचं? त्यांनी तुमचं वाईट चिंतलेलं नाही, त्यांनाही बैठकीत जे शिकवलं तेच त्या सांगतात. बहुधा त्यांचेही पैसे डब्यांत अडकलेत. माझं नाव पुढे करा. 'वन्सं, डॉक्टरीण बाईंनी यांना विडीमुळे ही पावडर सक्त मना केलीय, भावाच्या जिवाचा प्रश्न आहे' असं एकांतात, घरात चार माणसं नसताना सांगा. फिनलंडच्या चाचणीचा परिच्छेद त्यांना वाचायला द्या, त्यांच्या गिऱ्हाइकांतही विडी ओढणारे असतील आणि हे त्यांना कळायला हवं. न फोडलेला डबा असेल तर तो परत घेऊन पैसे द्यावेत अशी तरतूद थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांत आहे, बिल हाताशी ठेवा. फोडलेला डबा संपवायच्या नादात पोटात घालू नका.

तीन महिन्यांनी तपासायचं ते असं: उपाशीपोटी शुगर, एचबीएवनसी, हिमोग्लोबिन, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल (रक्तातल्या चरबीसाठी), एसजीपीटी (यकृतासाठी), बीपी, कंबर. मिस्टरांचं यात युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) या तपासण्याही घाला. यातलं बीपी आणि शुगर तिशीच्या पुढच्या सगळ्यांसाठी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत बघतात. तिथली पत्रकं बहुतेक कन्नडमध्ये असतात, आशाताईंकडून मराठीत समजून घ्या, त्या सांगतात. पुढच्या तपासण्यांना कोल्हापूर जवळ पडतं की बेळगाव ते सोयीनं ठरवा, पण दर वेळी एकाच प्रयोगशाळेत करा म्हणजे आकड्यांची तुलना खरी होईल. उपाशीपोटी शुगर १२६ किंवा त्यापुढे गेली, तहान आणि लघवी एकदम वाढली किंवा प्रयत्न न करता वजन उतरू लागलं, तर तीन महिने थांबू नका आणि मला पत्रही लिहीत बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.